घरातील कचऱ्याचे योग्य पुनर्चक्रण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कचरा वेगळा करण्याची तयारी बहुतेक घरांत असते. अडते ते तपशिलापाशी. झाकण काढायचे की ठेवायचे, तेलकट पुठ्ठा कुठे टाकायचा, जुनी बॅटरी कोणाला द्यायची, असे छोटे प्रश्न उत्तराविना राहतात आणि शेवटी सगळे एकाच डब्यात जाते. पुढील उत्तरे अशा प्रश्नांसाठी आहेत. आपल्या भागातील संकलन व्यवस्थेचा नियम येथे दिलेल्या उत्तरापेक्षा वेगळा असेल, तर तो नियम पाळावा, कारण कोणती वस्तू स्वीकारली जाईल हे अखेर त्या व्यवस्थेकडे असलेल्या यंत्रांवर आणि माल विकत घेणाऱ्या कारखान्यांवर ठरते.

पुनर्वापर आणि पुनर्चक्रण हे एकच आहे का?

बोलताना आपण दोन्हींना पुनर्वापर म्हणतो, पण कामाच्या दृष्टीने ते वेगळे आहेत. काचेची बरणी धुऊन तिच्यात साखर भरली तर तो पुनर्वापर. तीच बरणी फोडून, वितळवून तिची नवी बाटली केली तर ते पुनर्चक्रण. पहिल्याला थोडे पाणी पुरते, दुसऱ्याला वाहतूक, वीज आणि सुमारे १५०० अंश सेल्सिअसपर्यंत तापलेली भट्टी लागते. म्हणून वस्तू डब्यात टाकण्यापूर्वी ती अजून कोणाच्या उपयोगाची आहे का, एवढे पाहावे.

घरात कचऱ्याचे किती डबे असावेत?

किमान तीन. कुजणाऱ्या ओल्या कचऱ्याचा एक, कागद, प्लास्टिक, काच आणि धातू यांसारख्या सुक्या कचऱ्याचा दुसरा, आणि बॅटऱ्या, दिवे, मुदत संपलेली औषधे अशा घातक कचऱ्यासाठी लहान मुलांचा हात पोहोचणार नाही अशा जागी ठेवलेला झाकणाचा तिसरा. डायपर आणि सॅनिटरी पॅड यांचा या तिन्हींशी संबंध नाही. ते कागदात गुंडाळून, खूण करून स्वतंत्रच द्यावे लागतात. डब्यांचे रंग ठिकाणपरत्वे बदलतात, त्यामुळे रंग पाठ करण्यापेक्षा डब्यावर ठळक अक्षरांत लिहिणे अधिक उपयोगी ठरते, विशेषतः घरी पाहुणे आले असतील तेव्हा.

पुढे वर्गीकरण केंद्रात कचरा वेगळा केला जातोच, मग घरी पुन्हा का करायचा?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो, आणि त्याचे उत्तर समजण्यासाठी त्या केंद्रात काय घडते हे पाहणे आवश्यक आहे. आलेला सुका कचरा प्रथम सरकत्या पट्ट्यावर पसरतात. पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना उभी असलेली माणसे दोऱ्या, कपडे, डायपर, फुटलेली काच असे अडथळे हातांनी उचलून बाजूला टाकतात. पुढे फिरत्या चकत्यांच्या रांगेवरून पुठ्ठा वरच्या वर सरकत जातो आणि लहान, जड वस्तू फटींतून खाली पडतात. लोहचुंबक पोलादी डबे खेचून घेतो. ॲल्युमिनियम चुंबकाला चिकटत नाही, पण वेगाने बदलणाऱ्या चुंबकीय क्षेत्रातून जाताना त्याच्यात विद्युतप्रवाह निर्माण होतो आणि डबा उडी मारल्यासारखा पलीकडच्या कप्प्यात जाऊन पडतो. प्लास्टिकवर अवरक्त प्रकाश टाकून, परत येणाऱ्या प्रकाशावरून त्याची जात ओळखतात आणि हवेचा एक बारीक झोत ती वस्तू हव्या त्या दिशेला ढकलतो.

या सगळ्या व्यवस्थेला एक गोष्ट जमत नाही: वस्तूवस्तूंमधले अंतर ती वाढवू शकते, पण एका वस्तूत मुरलेली दुसरी वस्तू बाहेर काढू शकत नाही. आमटी-भाजीचे पाणी शोषलेला कागद चुंबकाने किंवा प्रकाशाने कोरडा होत नाही, आणि पुठ्ठ्यात रुतलेली काचेची बारीक कच कोणत्याही चाळणीतून गळून पडत नाही. शिवाय अनेक ठिकाणी यंत्रे नसतातच. तेथे सगळे वर्गीकरण माणसांच्या हातांनी होते. स्वयंपाकघरात ओले आणि सुके वेगळे ठेवायला दोन सेकंद लागतात. एकदा मिसळले की तेच काम कुजक्या वासात उभे राहून, कापले जाण्याचा धोका पत्करून दुसऱ्या कोणाला तरी करावे लागते, आणि तेही अर्धेच साधते.

डबे आणि बाटल्या धुवाव्या लागतात का? त्यात पाणी वाया जात नाही का?

घासूनपुसून लख्ख करण्याची गरज नाही. वस्तू रिकामी आणि बऱ्यापैकी कोरडी असली की पुरते. भांडी धुताना साचलेले शेवटचे पाणी दोन-तीन चमचे बाटलीत घालावे, झाकण लावून जोरात हलवावे, ओतून द्यावे आणि बाटली ओट्याच्या कडेला पालथी ठेवावी. त्यासाठी स्वच्छ पाणी किंवा साबण वेगळा वापरू नये. तेलाची बाटली विसळण्यापूर्वी रात्रभर उलटी ठेवून निथळू दिली तर बरेचसे काम आपोआप होते. पुरेसे झाले का हे ठरवण्याची सोपी रीत अशी की बाटली उलटी धरून मनात दहापर्यंत अंक मोजावेत. तेवढ्या वेळात थेंब पडला नाही तर ती सुक्या कचऱ्यात जाण्याजोगी झाली.

हा आग्रह कशासाठी, याचा धडा मला घरीच मिळाला. तळाशी बोटभर मध उरलेली एक बाटली, बूच घट्ट न लावताच, मी रद्दीच्या पिशवीत टाकली होती. आठवड्याने पिशवी उघडली तेव्हा सहा दिवसांच्या वर्तमानपत्रांची एक चिकट वीट झाली होती आणि तिच्याभोवती मुंग्यांची रांग लागली होती. बाटली वाचली, पाच किलो कागद मात्र फेकून द्यावा लागला.

प्लास्टिकवरील त्रिकोण आणि त्यातील आकडा म्हणजे ती वस्तू पुनर्चक्रित होणारच, असे समजावे का?

नाही. तो आकडा प्लास्टिकची जात सांगतो, भवितव्य सांगत नाही. एकमेकांचा पाठलाग करणाऱ्या तीन बाणांचे प्रसिद्ध चिन्ह गॅरी अँडरसन या विद्यार्थ्याने १९७० मध्ये अमेरिकेतील एका स्पर्धेसाठी तयार केले, आणि ते कागदी मालाच्या पुनर्चक्रणासाठी होते. पुढे १९८८ मध्ये तेथील प्लास्टिक उद्योगाने प्लास्टिकची जात ओळखता यावी म्हणून १ ते ७ आकड्यांची पद्धत सुरू केली आणि आकड्याभोवती तशाच बाणांचा त्रिकोण काढला. तेव्हापासून चालत आलेला गैरसमज इतका घट्ट बसला की २०१३ मध्ये संबंधित मानकात बाण काढून तेथे साधा भरीव त्रिकोण घेण्यात आला. तरीही साच्यांतून निघणाऱ्या असंख्य वस्तूंवर जुने बाण अजून दिसतात.

आकड्यांचा व्यवहारातील अर्थ असा. १ म्हणजे पीईटी, पाण्याच्या पारदर्शक बाटल्यांचे प्लास्टिक. २ म्हणजे एचडीपीई, शाम्पू आणि डिटर्जंटच्या जाड, अपारदर्शक बाटल्यांचे. या दोन्हींना बहुतेक ठिकाणी चांगली मागणी असते. ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, ज्याचे डबे आणि झाकणे असतात. यालाही मागणी वाढते आहे. ४ म्हणजे एलडीपीई, मुख्यतः पातळ पिशव्या, ज्या वेगळ्या दिल्या तरच उपयोगी. ३ म्हणजे पीव्हीसी आणि ६ म्हणजे पॉलिस्टायरीन, ज्यात थर्माकोलही येतो. घरगुती संकलनात या दोन्हींना सहसा जागा नसते. ७ म्हणजे उरलेली सगळी सरमिसळ.

जाती वेगळ्या ठेवण्यामागे कारण आहे. पीईटी वितळवण्यासाठी २५० अंशांहून अधिक उष्णता लागते. त्या उष्णतेला पीव्हीसी टिकत नाही, तिचे विघटन होऊन हायड्रोक्लोरिक आम्ल बाहेर पडते आणि थोड्याशा पीव्हीसीमुळेही पीईटीचा मोठा घाणा पिवळा पडून ठिसूळ होतो.

काळ्या प्लास्टिकबद्दल एक सूचना. त्याला काळा रंग देणारी काजळी अवरक्त प्रकाश शोषून घेते, परत काहीच येत नाही आणि वर्गीकरण यंत्राला ती वस्तू दिसतच नाही. पर्याय असेल तेथे खरेदी करतानाच काळ्या डब्याऐवजी पारदर्शक डबा निवडावा.

बाटलीचे झाकण काढावे की ठेवावे? बाटली चपटी करावी का?

प्लास्टिकच्या बाटलीवर प्लास्टिकचे झाकण असेल तर बाटली रिकामी करून झाकण परत लावावे. सुटे झाकण इतके लहान असते की चकत्यांच्या फटीतून पडून ते काचेच्या तुकड्यांत हरवते. बाटलीसोबत गेले तर अडचण येत नाही, कारण कारखान्यात दोन्हींचे तुकडे करून पाण्याच्या हौदात सोडतात. पीईटी पाण्यापेक्षा जड असल्याने तळाशी बसते आणि झाकणाचे प्लास्टिक हलके असल्याने तरंगते. काचेच्या बरणीचे धातूचे झाकण मात्र काढून धातूंत टाकावे.

चपटे करण्याबाबत दोन मते आहेत आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. हातांनी वर्गीकरण होते तेथे चपटी बाटली जागा वाचवते. यंत्रावर मात्र ती सपाट दिसल्याने कागदाच्या वाटेने जाऊ शकते. आपल्याकडे काय चालते हे माहीत नसेल तर बाटली मूळ आकारात ठेवणे सुरक्षित.

पातळ पिशव्या आणि चकचकीत पाकिटे कोणत्या डब्यात टाकावीत?

सुट्या पिशव्या सुक्या कचऱ्याच्या डब्यात टाकू नयेत. त्या फिरत्या चकत्यांच्या दांड्यांभोवती गुंडाळल्या जातात, फटी बुजतात आणि शेवटी यंत्र बंद करून कामगारांना आत उतरून सुरीने तो गुंडाळा कापावा लागतो. पिशव्या कोरड्या करून एका पिशवीत कोंबून साठवाव्यात आणि त्या वेगळ्या स्वीकारल्या जातात तेथे द्याव्यात. याच कारणाने सुका कचरा गाठ मारलेल्या पिशवीतही देऊ नये, अपवाद स्थानिक नियम तसे सांगत असेल तेवढाच.

चकचकीत पाकीट फॉइलचे आहे की प्लास्टिकचे, हे मुठीत चुरगाळून कळते. मूठ उघडल्यावर ते हळूहळू उलगडू लागले तर ते धातूचा मुलामा दिलेले प्लास्टिक आहे. चुरगाळलेलेच राहिले तर ॲल्युमिनियम. मुलामा दिलेल्या पाकिटांत वेगवेगळ्या पदार्थांचे थर एकमेकांना चिकटवलेले असतात आणि ते सोडवणे परवडत नाही, त्यामुळे त्यांचे नेहमीच्या मार्गाने पुनर्चक्रण होत नाही.

कोणता कागद चालतो आणि कोणता चालत नाही?

कागद म्हणजे लाकडाच्या तंतूंची जाळी. पुनर्चक्रणात कागद पाण्यात भिजवून त्याचा लगदा करतात, शाई आणि कचरा काढतात आणि तंतू पुन्हा पसरून नवा कागद करतात. प्रत्येक फेरीत तंतू थोडे आखूड होतात, म्हणून एका तंतूला साधारण पाच ते सात फेऱ्यांचेच आयुष्य असते. वर्तमानपत्रे, वह्या, पुस्तके, पाकिटे आणि खोक्यांचे पुठ्ठे या फेऱ्यांसाठी उत्तम. टिश्यू आणि कागदी रुमाल यांचे तंतू आधीच आखूड झालेले असतात आणि ते बहुधा ओले किंवा मळलेले असतात, म्हणून त्यांची जागा ओल्या कचऱ्यात.

तेलाचे प्रकरण वेगळे आहे. लगदा पाण्यावर चालतो आणि तेल पाण्यात विरघळत नाही. ते तंतूंना धरून राहते आणि तयार कागदावर डाग आणि भोके पडतात. खाद्यपदार्थाच्या खोक्याचा तळ तेलकट झाला असेल तर तो फाडून ओल्या कचऱ्यात टाकावा आणि स्वच्छ झाकण रद्दीत ठेवावे. सगळे खोके फेकून देणेही चूक आणि सगळे रद्दीत देणेही चूक.

दुकानातील बिलांचा गुळगुळीत कागद रद्दीत टाकू नये. त्यावर शाई नसते; उष्णतेने काळा पडणारा रासायनिक लेप असतो आणि त्यात बहुधा बिस्फेनॉल गटातील रसायन असते, जे पुढच्या कागदात उतरते. ओळखायचे झाल्यास कागदावर नखाने ओरखडा काढावा. काळी रेघ उमटली तर तो याच जातीचा.

स्टेपलरच्या पिना काढत बसण्याची गरज नाही, लगद्यातून त्या चाळणीने आणि चुंबकाने निघतात. पाकिटाची पारदर्शक खिडकीही बहुतेक ठिकाणी चालते. प्लास्टिकची रुंद चिकटपट्टी मात्र ओढून काढावी. यंत्रात बारीक कातरलेला कागद सुटा दिला तर तो सगळीकडे उडतो आणि फटींतून पडतो. तो कंपोस्टमध्ये घालणे अधिक चांगले. पावसात भिजलेला पुठ्ठा वाळवूनच द्यावा.

दुधाची आणि रसाची कागदी खोकी कागदात टाकावीत का?

खोके बाहेरून कागदी दिसले तरी दीर्घकाळ टिकणाऱ्या द्रवपदार्थांच्या खोक्यात पुठ्ठा, पॉलिथिन आणि ॲल्युमिनियमचा पातळ थर एकमेकांवर बसवलेले असतात. पुठ्ठ्याचा वाटा वजनाने सुमारे तीन-चतुर्थांश असतो. लगदा करून पुठ्ठा वेगळा काढणारे खास कारखाने आहेत, पण साध्या रद्दीच्या कारखान्याला ही खोकी त्रासदायक ठरतात. म्हणून ती विसळून, चपटी करून, स्वतंत्र गठ्ठ्यात द्यावीत.

फुटलेला काचेचा पेला, आरसा आणि ओव्हनमध्ये चालणारी काच बाटल्यांसोबत देता येते का?

देऊ नये. बाटल्यांची काच कितीही वेळा वितळवली तरी तिचा दर्जा घटत नाही, हा तिचा मोठा गुण आहे. पण तो टिकतो ती काच एकाच जातीची असेपर्यंत. उष्णतारोधक भांड्यांची काच आणि चिनी माती बाटलीच्या काचेच्या तापमानाला वितळत नाहीत. त्यांचे खडे नव्या बाटलीच्या भिंतीत जसेच्या तसे अडकतात आणि तेथूनच बाटली तडकते. आरशामागे धातूचा लेप असतो, खिडकीच्या काचेची घडण वेगळी असते. या सगळ्या वस्तू जाड कागदात गुंडाळून, बाहेर ‘काच’ असे लिहून वेगळ्या द्याव्यात. बाटल्यांचे रंग वेगळे मागितले असतील तर तेही पाळावे, कारण हिरवी काच मिसळली की तिच्यातून पुन्हा पांढरी बाटली निघत नाही. बाटलीवरचे कागदी लेबल काढण्याची गरज नाही.

धातूच्या वस्तूंचे काय?

धातू हे घरातील कचऱ्यातले सर्वांत सोपे आणि सर्वांत मोलाचे प्रकरण. जुने ॲल्युमिनियम वितळवायला लागणारी ऊर्जा खनिजापासून नवे बनवायला लागणाऱ्या ऊर्जेपेक्षा सुमारे ९५ टक्के कमी असते. फॉइलचे सुटे तुकडे पट्ट्यावर हरवतात, म्हणून ते पुसून साठवावेत आणि मुठीएवढा गोळा झाला की द्यावा. डबाबंद पदार्थांच्या डब्याचे धारदार झाकण डब्याच्या आत ढकलून डब्याचे तोंड चिमटावे, म्हणजे कोणाचा हात कापत नाही. फवाऱ्याचे डबे पूर्ण रिकामे झाल्यावरच द्यावेत. त्यांना भोक पाडू नये आणि ते विस्तवाजवळ नेऊ नयेत. स्वयंपाकाच्या गॅसच्या लहान टाक्या घरगुती कचऱ्यात कधीही टाकू नयेत.

बॅटरी इतकी लहान असते, ती कचऱ्यात गेली तर काय बिघडते?

पुष्कळ बिघडते. फोन, खेळणी, हेडफोन आणि विजेचे ब्रश यांतील लिथियम-आयन बॅटरी कचऱ्याच्या गाडीत दाबली गेली की तिच्या आतले पातळ पडदे फाटतात, दोन्ही ध्रुव एकमेकांना भिडतात, तापमान काही क्षणांत भडकते आणि भोवतालचा कोरडा कागद पेट घेतो. कचऱ्याच्या गाड्या आणि वर्गीकरण केंद्रे यांना लागणाऱ्या आगींचे हे एक ठळक कारण आहे. अशी आग विझल्यासारखी वाटते आणि पुन्हा धुमसते, कारण एका घटाची उष्णता शेजारच्या घटाला पेटवते.

म्हणून बॅटरी ओल्या किंवा सुक्या, कोणत्याही डब्यात टाकू नये. तिच्या टोकांवर चिकटपट्टी लावावी. नऊ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीची दोन्ही टोके एकाच बाजूला असल्याने तिच्यासाठी हे विशेष गरजेचे आहे. नंतर ती कोरड्या बरणीत ठेवून संकलन केंद्रावर द्यावी. फुगलेली बॅटरी टोचू नये, दाबू नये, चार्ज करू नये. ती न पेटणाऱ्या भांड्यात वेगळी ठेवून लवकर सुपूर्द करावी. बटणाएवढ्या गोल बॅटऱ्यांबाबत आणखी एक इशारा आहे: मुलाने ती गिळली आणि ती अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांतही गंभीर भाजल्यासारखी जखम होऊ शकते. वापरून संपलेली बॅटरीही याला अपवाद नाही.

जुने दिवे आणि तापमापक कुठे द्यावेत?

नळीचे दिवे आणि पिळाचे सीएफएल दिवे यांत काही मिलिग्रॅम पारा असतो, म्हणून ते काचेत नव्हे, घातक कचऱ्यात द्यावेत. दिवा घरात फुटला तर खिडकी उघडून खोलीतून थोडा वेळ बाहेर जावे. तुकडे जाड कागदाने गोळा करावेत, बारीक कण चिकटपट्टीने उचलावेत आणि सगळे बंद बरणीत ठेवावे. केरसुणी किंवा व्हॅक्यूम क्लीनर वापरू नये, त्याने पारा पसरतो. पाऱ्याच्या तापमापकालाही हेच लागू. एलईडी दिव्यात पारा नसतो, पण त्यात विद्युतमंडल असल्याने तो ई-कचरा ठरतो. जुना तारेचा बल्ब साध्या, पुनर्चक्रित न होणाऱ्या कचऱ्यात जातो.

जुना फोन किंवा संगणक देण्यापूर्वी काय करावे?

आधी आपली माहिती दुसरीकडे उतरवून घ्यावी, खात्यांतून बाहेर पडावे, यंत्र मूळ स्थितीत आणावे आणि सिमकार्ड व मेमरी कार्ड काढावे. बॅटरी सहज निघत असेल तर ती वेगळी द्यावी. चिकटवलेली असेल तर स्वतः उचकटू नये. हे साहित्य अधिकृत ई-कचरा संकलकाकडेच द्यावे. टनभर जुन्या फोनमध्ये टनभर खनिजापेक्षा कितीतरी अधिक सोने असते, त्यामुळे ते काढण्यासाठी उघड्यावर आम्ल वापरणारे आणि तांब्यासाठी वायरींची वेष्टने जाळणारे लोकही असतात, आणि त्या धुराची किंमत प्रथम त्यांच्याच फुप्फुसांना मोजावी लागते.

‘विघटनशील’ असे लिहिलेली पिशवी ओल्या कचऱ्यात टाकता येते का?

‘विघटनशील’ आणि ‘कंपोस्टयोग्य’ हे एक नव्हेत. पहिल्या शब्दात किती दिवसांत आणि कोणत्या परिस्थितीत हे सांगितलेलेच नसते. दुसरा शब्दही बहुधा औद्योगिक कंपोस्ट प्रकल्पाला उद्देशून असतो. उदाहरणार्थ, पीएलए या वनस्पतिजन्य प्लास्टिकला नीट कुजण्यासाठी सुमारे ६० अंश सेल्सिअस तापमान दीर्घकाळ लागते, जे गॅलरीतल्या कुंडीत मिळत नाही. तेच पीएलए पीईटीत मिसळले तर त्याचा दर्जा बिघडवते. ओला कचरा घेणारी व्यवस्था अशा पिशव्या स्पष्टपणे मागत असेल तरच त्या वापराव्यात.

ओल्या कचऱ्याला पुनर्चक्रण म्हणता येईल का? तो घरी जिरवावा का?

म्हणता येईल, आणि माझ्या मते सुरुवात येथूनच करावी, कारण ओला कचरा वेगळा झाला की उरलेला कचरा आपोआप स्वच्छ आणि कोरडा होतो. कचराभूमीवर ढिगाखाली दबलेल्या ओल्या कचऱ्याला हवा मिळत नाही, तो हवेविना कुजतो आणि त्यातून मिथेन निघतो. शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे २८ पट अधिक उष्णता अडवतो. घरच्या डब्यात हवा खेळती ठेवली तर तोच कचरा खत होतो.

खत करताना दोन गोष्टींचा मेळ घालावा लागतो: नत्र देणाऱ्या ओल्या वस्तू, जसे भाज्यांची साले आणि चहाचा चोथा, आणि कार्बन देणाऱ्या कोरड्या वस्तू, जसे वाळलेली पाने, भुसा आणि फाडलेला पुठ्ठा. कार्बन आणि नत्र यांचे साधारण ३० ला १ हे प्रमाण सूक्ष्मजीवांना मानवते. घरी मोजमाप करण्याची गरज नाही. आकारमानाने एक भाग ओल्याला दोन भाग कोरडे घेतले की बहुतेक वेळा जमते. मिश्रण मुठीत दाबल्यावर पिळलेल्या फडक्यासारखे लागावे, त्यातून एखादा थेंब निघाला तर चालतो. अमोनियाचा किंवा आंबट वास आला तर पाने घालून ढवळावे; काहीच घडत नसेल आणि मिश्रण भुरभुरीत असेल तर पाणी शिंपडावे. मांस, हाडे आणि दूध यांमुळे घरच्या लहान डब्यात किडे आणि दुर्गंधी येते, म्हणून ती वगळावीत.

डायपर, सॅनिटरी पॅड, सुया आणि औषधे?

यांचे घरगुती पुनर्चक्रण होत नाही. पॅड आणि डायपर गुंडाळून, खूण करून स्वतंत्र द्यावेत, शौचालयात टाकू नयेत. इन्सुलिनच्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत टाकून बूच घट्ट लावावे आणि बाटलीवर तसे लिहावे. सुईचे टोपण परत लावण्याच्या प्रयत्नात हात टोचण्याचा धोका असतो, म्हणून ते लावू नये. मुदत संपलेली औषधे परत घेणारी सोय असेल तर तेथे द्यावीत.

रंग, कीटकनाशके आणि वापरलेले तेल?

नाल्यात किंवा बेसिनमध्ये ओतू नये. मूळ डब्यातच, लेबल न काढता, घातक कचऱ्यात द्यावे. तळणाचे तेल थंड झाल्यावर बाटलीत भरून ठेवावे. अनेक ठिकाणी ते बायोडिझेलसाठी घेतले जाते.

जुन्या कपड्यांचे काय करावे?

घालण्याजोगे असतील ते धुऊन वापरायला द्यावेत. फाटलेल्या सुती कपड्यांची घरीच पुसणी होतात. मिश्र धाग्यांचे कापड वेगळे करणे अवघड असल्याने त्याचा नवा कपडा क्वचितच होतो. कपडे सुक्या कचऱ्याच्या डब्यात मात्र टाकू नयेत, तेही पिशव्यांसारखेच यंत्रात गुंततात.

आम्ही एवढे करूनही सगळे शेवटी एकाच ढिगात जाते, असे ऐकतो. हे खरे आहे का?

काही वेळा खरे असते, आणि ते नाकारून उपयोग नाही. १९५० ते २०१५ या काळात जगात निर्माण झालेल्या प्लास्टिक कचऱ्यापैकी सुमारे ९ टक्के एवढाच पुनर्चक्रित झाल्याचा अंदाज आहे; उरलेला जाळला गेला किंवा कचराभूमीत आणि निसर्गात साचला. अनेक देश आपले वर्गीकरण न झालेले प्लास्टिक आणि रद्दी चीनला पाठवत असत. चीनने २०१८ च्या आरंभी २४ प्रकारच्या कचऱ्याची आयात बंद केली आणि उरलेल्या बऱ्याच मालासाठी भेसळीची मर्यादा ०.५ टक्क्यांवर आणली, तेव्हा ठिकठिकाणी गठ्ठे साचले. जो माल ‘पुनर्चक्रित’ म्हणून मोजला जात होता, त्यातला बराचसा नुसता दुसऱ्याच्या दारात सरकवला जात होता, हे त्यातून उघड झाले.

मात्र हे चित्र सगळ्या पदार्थांना सारखे लागू नाही. धातू, पुठ्ठा आणि स्वच्छ पीईटी यांना कारखान्यांत खरी मागणी आहे आणि वेगळा, कोरडा माल विकला जातोच. ओला झालेला पुठ्ठा आणि खरकटा डबा यांना गिऱ्हाईक नसते. तेव्हा ढिगात काय जाणार याचा एक मोठा भाग घरातच ठरतो. उरलेला भाग संकलन करणाऱ्यांवर आहे. वेगळा दिलेला कचरा एकाच गाडीत ओतला जात असेल तर त्याबद्दल लेखी तक्रार करणे हा वर्गीकरण करणाऱ्या प्रत्येकाचा हक्क आहे.

एखादी वस्तू कुठे टाकावी हे कळत नसेल तर?

ती पुनर्चक्रित न होणाऱ्या कचऱ्यात टाकावी. हे उत्तर अनेकांना पटत नाही. ‘टाकून पाहू, चालली तर चालली’ या भावनेने टूथब्रश, पाण्याची रबरी नळी, तुटलेले खेळणे आणि हँगर सुक्या कचऱ्यात जातात. हेतू चांगला असतो, पण नळी यंत्र अडवते आणि खेळण्यातली विसरलेली बॅटरी पेटते. एक योग्य वस्तू चुकून फेकली गेली तर नुकसान त्या एका वस्तूचे होते; एक अयोग्य वस्तू आत गेली तर गठ्ठाच नाकारला जाऊ शकतो. न कळल्याने वस्तू अशी फेकण्याची सवलत एका वस्तूसाठी फक्त एकदाच घ्यावी, आणि दरम्यान संकलकाला विचारून पुढच्या वेळेसाठी उत्तर डब्याच्या झाकणावर लिहून ठेवावे.

सुका कचरा रोज द्यावा की साठवून?

ओला कचरा रोज द्यावा. सुका कचरा नीट कोरडा असेल तर आठवडा-पंधरवडा साठवून दिला तरी चालतो, आणि भरलेली पिशवी एकदम दिल्याने संकलकाच्या फेऱ्याही वाचतात. पिशवीला वास येऊ लागला तर पिशवी बदलण्याऐवजी ती रिकामी करून न विसळलेली बाटली शोधावी. बहुतेक वेळा ती एकच असते आणि तळाशी असते.